चौकड्यांचा शर्ट

परवा माझा फोटो नापास झाला. एका दाखल्यासाठी ऑनलाईन अर्ज केला होता, तो चार दिवसांनी परत आला आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द, 'अस्पष्ट'. अहो, तुम्हीच सांगताय ना फोटो ३.५ बाय ४.५ सेंटीमीटर, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे हिशेबाने ४१३ बाय ५३१ पिक्सेल, आणि वर हे सगळं २० केबीच्या आत बसवा म्हणून? मोबाईलवरचा मूळ फोटो ४ एमबीचा. अख्खं वऱ्हाड एका रिक्षात कोंबायचं आणि कुणाच्या साडीची घडी मोडायची नाही, असलं काम.

बरं, मी यातला अगदीच अडाणी नाही. घरी गिंप (फोटो कापायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर) उघडून बसलो होतो, दरवेळी मूळ फोटोपासूनच सुरुवात केली (तीच जेपीजी परत परत सेव्ह केली की दर फेरीला चेहरा थोडा झिजतो, हे बायकोला दोनदा ऐकवून झालंय), आधी पिक्सेल कमी केले आणि मग क्वालिटीची पट्टी सरकवत गेलो. ८५ वर ४६ केबी. ७० वर ३१. ५० वर २३. शेवटी ४० वर १९ झाले तेव्हा गालावर कुणीतरी फरशी बसवल्यासारखे चौकोन दिसायला लागले, पण तारीख जवळ आली होती, पाठवला. तर अस्पष्ट!

म्हणून मग कराडला, स्टँडमागच्या झेरॉक्सच्या दुकानात. मशीनवरचा पोरगा शांतपणे कुणाचे तरी सातबारे काढत होता आणि ज्यांचे काढत होता ते आबा माझ्या खांद्यावरून माझ्याच मोबाईलमध्ये बघत होते.

"काय झालं पाव्हणं?"

"काही नाही आबा, फोटो मोठा होतोय."

"किती?"

"४६ केबी. २० च्या आत पाहिजे."

"म्हंजे वजन जास्त हाय." आबांनी मला वरून खाली बघितलं. मी पोट आत घेतलं, का घेतलं देव जाणे. "ह्यो शर्ट काढा की."

"काय?"

"चौकड्याचा हाय. जड पडतोय. ह्या एवढ्या रेघा भरायच्या म्हंजे वजन वाढणारच. पांढरा घाला, हलका येतोय का न्हाई बघा."

पोरगा फिस्सकन हसला. मीही हसलो, जरा वरच्या पट्टीतच, आणि आबांना समजावून सांगायला म्हणून तोंड उघडलं की असं नसतं हो, जेपीजी फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडतं, सपाट रंगाचा तुकडा दोन-चार आकड्यांत आटपतो, पण ज्या तुकड्यात बारीक रेघा आहेत त्याला जास्त आकडे लागतात, म्हणजे भिंत, आकाश असलं स्वस्तात जातं आणि चौकड्यांचा शर्ट...

तिथं माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

म्हातारा बरोबर होता. माझ्या २० केबीतले निम्मे तरी शर्ट खात होता आणि उरलेल्यात माझं तोंड भागवायचं होतं.

हे तुकड्यांमागचं जे गणित आहे ना, डीसीटी (डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म), ते नासिर अहमद यांचं. जन्म बंगळूरचा. १९७२ मध्ये अमेरिकेत त्यांनी यावर काम करायला अनुदान मागितलं तर ते नाकारलं, कारण काय तर कल्पना फारच साधी वाटते. त्यांनी तरीही काम केलं, १९७४ मध्ये छापून आलं, १९९२ मध्ये त्याच्यावर जेपीजी उभं राहिलं. मला तो नाकारणारा माणूस डोळ्यासमोर दिसतो. तोच पुढे पुनर्जन्म घेऊन आमचे अर्ज तपासायला बसला असणार. आणि एक कळत नाही, २०२० नंतरच्या जगात हा २० केबीचा काटा कुणासाठी धरून बसलेत? सकाळी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या गुलाबाला कुणी विचारत नाही, त्याचं वजन माझ्या दहापट असतं.

असो. पांढरा शर्ट आणायचा कुठून? आबांनी सातबारे काउंटरवर ठेवले आणि शांतपणे बटणं काढायला सुरुवात केली. मी नको नको म्हणेपर्यंत ते बंडीवर. मग मी त्यांचा शर्ट घातला, तंबाखूचा वास, कॉलर दोन बोटं सैल, दुकानातल्या पांढऱ्या भिंतीला टेकून उभा राहिलो, पोराने फोटो काढला, कापला, पट्टी ७० वर ठेवली. १८ केबी. डोळे, मिशी, कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट.

"बगा," आबा म्हणाले.

वेबसाईटने फोटो घेतला एकदाचा. लगेच पुढचा रकाना उघडला, सही, १० केबीच्या आत.

"मी अंगठाच लावतो," आबा बंडी खाजवत म्हणाले, "त्येला वजनच न्हाई."

आता अंगठ्यावर किती रेघा असतात, तो माझ्या चौकड्याच्या शर्टाचा बाप निघेल, हे मला सांगायचं होतं. फार सांगायचं होतं. पण शर्ट अजून त्यांचाच अंगात होता.