खुलासा: काळी अधिक पांढरी म्हणजे कबरी नव्हे

पुण्यातल्या हौशी कोंबडीपालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक नुस्खा फिरतोय: ‘काळ्या कोंबड्यांवर पांढरा लेगहॉर्न जातीचा नर सोडा, कबरी (ठिपक्यांची) पिल्लं मिळतील.’ नाही मिळणार. लेगहॉर्नचा पांढरा रंग प्रभावी असतो, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसतो. पिल्लं बहुतेक पांढरीच निघतात, अंगावर फार तर काळे शिंतोडे.

खरं कबरेपण वेगळ्या, अप्रभावी जनुकाचं. पीस हातात घेऊन पाहा. अँकोना जातीचं पीस काळं, फक्त टोक पांढरं. स्पेकल्ड ससेक्स जातीचं तांबूस, मग काळी पट्टी, मग पांढरं टोक.

हे जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. कबरा नर शुद्ध काळ्या कोंबडीला लावला, तर पहिली पिढी काळीच दिसते, क्वचित एखादं पांढरं टोक. इथेच लोक वैतागून पिल्लं विकतात, आणि चुकतात! त्यातल्या तलंगा (तरुण माद्या) कबऱ्या नराला लावा: सरासरी निम्मी पिल्लं कबरी. भावंडं आपसात लावली, तर चारात एक.

पिल्लाचं पांढुरकं पोट बघून निवड करू नका. साध्या काळ्या जातींची पिल्लंही तशीच असतात. मोठी पिसं येऊ द्या. पुढे दर पीसगळीनंतर पांढरं वाढतच जातं, म्हणून पैदाशीला पहिल्या वर्षी कमी ठिपक्यांचा पक्षी ठेवलेला बरा.