‘तीनदा पडल्याशिवाय क्लिपलेस येत नाही’ म्हणे!

क्लिपलेस पेडल म्हणजे बुटाच्या तळाला लावलेली क्लीट नावाची छोटी पट्टी स्प्रिंगच्या खटक्याने पकडून ठेवणारं पेडल. ते नवीन घेतलेल्या माणसाला हमखास येणारा एक निरोप आहे. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘तीनदा पडल्याशिवाय क्लिपलेस येत नाही, मनाची तयारी ठेवा. स्प्रिंग एकदम सैल करा, म्हणजे पाय अडकायचा नाही. पेडल वर ओढायला शिका, ताकद दुप्पट होते. आणि एकदा पाय पक्का बसला की सायकल आपोआप ताब्यात येते.’ चार वाक्यं आणि चारही ठिकाणी घोळ.

‘तीनदा पडावंच लागतं’

नवशिके पडतात हे खरं. पण कधी पडतात ते पाहा: बहुतेक वेळा सायकल थांबता थांबता, वेग शून्यावर आल्यावर. कारणं दोनच. साध्या पेडलवरून पाय उचलायची सवय वर किंवा मागे असते. क्लीट मात्र टाच बाहेरच्या बाजूला फिरवल्यावर सुटते. घाबरलेला माणूस आणखी जोरात वर ओढतो, खटका तसाच बंद राहतो आणि सायकल आडवी होते.

दुसरं कारण जास्त फसवं. उजवा पाय वेळेवर सुटलेला असतो, पण सायकल कलते डावीकडे, म्हणजे अडकलेल्या पायाकडे. यात पेडलचा काही दोष नाही. थांबण्याचा क्रमच चुकलेला असतो.

उजवा पाय टेकवायचा असेल तर क्रम असा. थांबायच्या दहा-पंधरा मीटर आधी हलक्या गिअरमध्ये या, नाहीतर पुन्हा निघताना पहिलाच पेडल जड जातो आणि दुसरा पाय खाच शोधत असताना तोल जातो. उजवं पेडल खाली आलं की टाच बाहेर फिरवून पाय मोकळा करा आणि तो तसाच पेडलवर टेकवून ठेवा. आता अर्धा फेरा मारा, म्हणजे डावा, अडकलेला पाय तळाशी येईल. त्याच्यावर उभं राहा, सीटवरून पुढे सरका, ब्रेक लावा. अगदी शेवटच्या क्षणी हॅण्डल किंचित डावीकडे वळवा: चाकं डावीकडे सरकतात आणि अंगाचा भार उजवीकडे, मोकळ्या पायाकडे येतो. हॅण्डल उजवीकडे वळलं की याच्या नेमकं उलट होतं.

निघताना अडकवलेला पाय वरून थोडा पुढे, घड्याळातल्या दोनच्या ठिकाणी ठेवून जोर द्या. दुसरा पाय लगेच बसला नाही तर खाली बघत बसू नका. तळव्याचा मधला भाग पेडलवर ठेवून चार फेरे मारा, वेग आला की सावकाश अडकवा.

याचा सराव आधी भिंतीला टेकून, प्रत्येक पायाने वीस-तीस वेळा. मग मोकळ्या मैदानात वीस मीटर जाऊन थांबायचं, पुन्हा निघायचं. रहदारीत त्यानंतर. एवढं केलं तर तीनदा पडायचा कोटा पूर्ण करायची कुणावर सक्ती नाही.

‘स्प्रिंग एकदम सैल करा’

हे अर्धं बरोबर आहे, म्हणून जास्त धोक्याचं. सुरुवात सैल बाजूने करावी, पण सैल म्हणजे सुरक्षित असं गणित नाही. उभं राहून जोर लावताना किंवा खड्ड्यावरून जाताना पाय अवचित सुटला तर माणूस सीटवर नाही, पुढच्या दांड्यावर आदळतो. पाय सहज सुटतो पण जोर लावताना सुटत नाही, इतकाच स्प्रिंगचा घट्टपणा हवा. शिमानो कंपनीच्या एसपीडीसारख्या दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या पेडलच्या जोडीत चार स्प्रिंगा असतात. चारही उणेच्या, म्हणजे सैल टोकाला नेऊन तिथून खटके मोजत सारख्या लावाव्यात. एकच घट्ट राहिली तर पाय कधी सुटतो, कधी नाही, आणि कारण शोधून सापडत नाही.

पाय खरोखर अडकतो तो बहुधा स्प्रिंगमुळे नाहीच. क्लीटचा बोल्ट ढिला झालेला असतो. दोनांपैकी एक बोल्ट पडला की टाच फिरवल्यावर बूट फिरतो, क्लीट मात्र पेडलमध्ये जागच्या जागी राहते. मग कितीही फिरवा. असं झालं तर बुटाचा पट्टा सोडून पाय बाहेर काढणं हाच मार्ग. म्हणून बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, 4 मिमी अ‍ॅलन कीने 5 ते 6 न्यूटन-मीटरपर्यंत आवळा आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा. चिखल आणि झिजलेली क्लीट हे पुढचे संशयित.

नवशिक्यासाठी स्प्रिंगपेक्षा क्लीटची निवड मोलाची. शिमानोची एसएच 51 फक्त बाजूला फिरवून सुटते. एसएच 56 इतर दिशांना जोर दिला तरी सुटते. रोड सायकलच्या क्लीटमध्ये रंग बघून फसू नका. अडकलेल्या पायाची टाच किती हलू शकते ते रंगावरून कळतं: शिमानोच्या एसपीडी-एसएल पेडलची लाल क्लीट 0 अंश हलते, लूक कंपनीच्या किओ पेडलची लाल 9 अंश. नेमका उलटा अर्थ! टाच जराही हलू न देणारी क्लीट थोडी जरी वाकडी बसली तर गुडघा तक्रार करतो. नव्या माणसाने शिमानोची पिवळी, 6 अंशांची घ्यावी. क्लीट बसवायची चवड्याखाली. पुढे बोटांकडे सरकवली तर पोटरीवर ताण येतो.

‘वर ओढा, ताकद दुप्पट’

2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलस्वारांना मुद्दाम वर ओढायला लावलं. जोर फेऱ्यात जास्त सारखा वाटला गेला, पण तेवढ्याच कामाला शरीराची ऊर्जा जास्त लागली. ताकद येते ती खाली दाबणाऱ्या पायातून. वर येणाऱ्या पायाने त्याच्या वाटेत आडवं न येणं पुरेसं. जोरात स्प्रिंट मारताना ओढण्याचा थोडा उपयोग होतो, तेवढाच. क्लिपलेसचा खरा फायदा म्हणजे भरभर पेडल मारताना किंवा हादऱ्यात पाय घसरत नाही. लूकने 1984 मध्ये ही पेडल आणली आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने ती लावून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली, पण हे श्रेय ओढण्याला देऊन टाकायचं कारण नाही.

‘सायकल आपोआप ताब्यात येते’

उलट आहे. पाय अडकलेला असला की चुका झाकल्या जातात. दोन्ही पायांनी सायकल वर ओढली की चाकं उचलली जातात आणि वाटतं, उडी मारता आली. साध्या पेडलवर तीच उडी मारायला आधी वजन मागे नेऊन पुढचं चाक उचलावं लागतं, मग हॅण्डल पुढे ढकलत चवडे खाली रोखून पेडल मागे रेटत मागचं चाक उचलावं लागतं. ही क्रिया क्लीट शिकवत नाही.

एक गोष्ट तर क्लीटमुळे अवघड होते. लहान फ्रेमच्या सायकलवर सावकाश, आवळून डावीकडे वळताना पुढच्या चाकाची मागची कड उजवीकडे येते. उजवं पेडल तेव्हा पुढे असेल तर बुटाचं टोक टायरला लागतं. साध्या पेडलवर पाय चटकन मागे घेता येतो, इथे तो बांधलेला. म्हणून अशा वळणावर पेडल मारायचं थांबवून बाहेरचा पाय खाली किंवा मागे ठेवायचा. वेगातल्या वळणावरही बाहेरचं पेडल खालीच, त्यावर भार देऊन.

तेव्हा क्लीट लावण्याआधी साध्या पेडलवर एवढं जमतंय का ते पाहा: खांद्यावरून मागे बघताना सायकल रेषा सोडत नाही, एक हात सोडून सरळ जाता येतं, चालण्याच्या वेगाने वीस मीटर पाय न टेकता जाता येतं, पुढचा ब्रेक जोरात दाबताना कंबर मागे जाते आणि कोपरं वाकलेली राहतात. यातलं एखादं अडत असेल तर क्लीटचं पाकीट आठवडाभर बंदच राहू द्या.