अत्यवस्थ मुलाला हलवण्याआधीचा एक तास

अत्यवस्थ मुलाला मोठ्या रुग्णालयात हलवायचे ठरले की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, "लवकर निघा." आईवडिलांनी ते म्हणणे स्वाभाविकच आहे; पण डॉक्टर आणि परिचारिकाही तेच म्हणू लागतात, तेव्हा मला मनापासून काळजी वाटते. मुलांच्या अतिदक्षता विभागात आणि रुग्णवाहिकेत काम करताना माझे मत पक्के होत गेले आहे की निघण्याची घाई मुलाच्या जिवावर बेतू शकते, आणि निघण्याआधी खाटेपाशी घालवलेला तास बहुतेक वेळा सार्थकी लागतो.

दोन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत घातलेली नळी ओठांपाशी साधारण १३ सेंटीमीटरच्या खुणेवर असते. मान पुढे झुकली की तिचे टोक खाली सरकते, मागे गेली की वर येते, आणि इतक्या आखूड श्वासनलिकेत एक-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे झाले तरी ती एकाच फुप्फुसात शिरते किंवा निसटून बाहेर येते. म्हणून मुलाला स्ट्रेचरवर घेताना एक जण फक्त डोके आणि नळी धरतो, "एक, दोन, तीन" तोच म्हणतो, आणि बाकीचे त्याच्या शब्दावर हलतात. चिकटपट्टी लाळेने ओली झाली असेल तर ती खाटेवरच बदलावी. हेलकावे खाणाऱ्या गाडीत, अपुऱ्या उजेडात ते काम करण्याची वेळ कोणावरही येऊ नये. ऑक्सिजनचा हिशेबही तेव्हाच मांडायचा असतो. मिनिटाला १० लिटर लागत असतील तर दोन तासांच्या प्रवासाला १,२०० लिटर लागतात, आणि गाडी वाटेत अडकेल हे धरून त्याच्या दुप्पट साठा सोबत घ्यावा लागतो. तान्ह्या बाळाचे अंग गार पडू नये आणि रक्तातली साखर उतरू नये, हेही निघण्यापूर्वीच पाहायचे.

मुलाला न्यायला येणारे आणि ही कामे रोज करणारे पथक वेगळे असावे, हा माझा आग्रह निव्वळ अनुभवातून आलेला नाही. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयातून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बिगर-तज्ज्ञ पथकांनी आणलेल्या मुलांपैकी ६१ टक्क्यांच्या बाबतीत प्रवासात नळीची अडचण, रक्तदाब घसरणे किंवा सलाइनची शीर जाणे असे काही ना काही घडले होते. तज्ज्ञ पथकांच्या बाबतीत हेच प्रमाण १.५ टक्के होते. बिगर-तज्ज्ञ पथकांनी आणलेली मुले संख्येने बरीच कमी होती, हे मान्य केले तरी तफावत डोळ्यांआड करण्यासारखी नाही. इंग्लंड आणि वेल्समधील पथकांनी तीन तासांत मुलापाशी पोहोचावे असे मानक आहे, आणि त्याहून लवकर पोहोचल्याने मृत्यू घटल्याचा पुरावा नंतरच्या अभ्यासात मिळाला नाही. याचे एक कारण मला असे दिसते की पथकाला केलेल्या पहिल्या फोनपासूनच उपचार सुरू होतात: नळी कधी घालावी, कोणते औषध किती वेगाने द्यावे, हे मूल असलेल्या रुग्णालयातील डॉक्टरांशी बोलून ठरत जाते. म्हणून फोन लवकर करावा, मूल पुरते खचण्याची वाट पाहू नये.

अपवाद आहे, आणि तो विसरून चालणार नाही. डोक्याला मार लागून कवटीच्या आत रक्तस्राव वाढत असेल तर शस्त्रक्रियेला होणारा उशीरच घातक ठरतो. तिथे पथकाची वाट न पाहता, नळी सुरक्षित करून, त्याच रुग्णालयातील डॉक्टरांनी मुलाला घेऊन निघावे.

आईवडिलांना "तुम्ही मागून या" असे सांगून गाडीचे दार लावून घेणे मात्र मला कधीच पटलेले नाही. आधीच हादरलेला बाप मुलाच्या गाडीमागे स्वतःची गाडी भरधाव काढतो, आणि तिकडे शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी त्याचा फोन लागत नाही. पथकाच्या गाडीत निदान एका पालकासाठी पट्ट्यासह आसन असावे, आणि आपण कुठे चाललो आहोत, वाटेत काय होऊ शकते, हे त्यांना निघण्याआधी बसून सांगावे. तेवढा वेळ त्या एका तासात नक्कीच असतो.