करवंटीचा कोळसा आणि कचरा डेपोचं काळं पाणी

ड्रममध्ये खडी, वाळू आणि करवंटीच्या कोळशाचे थर. वरून कचरा डेपोचं काळं पाणी, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं लीचेट, ओतलं की खालून नितळ धार. "दोन हजारांत काम होतं, मग कोट्यवधींचे प्लांट कशाला? हे पाणी खुशाल शेताला द्या," असा मेसेज व्हिडिओसकट सगळीकडे फिरतोय. पुण्याच्या कचरा डेपोतल्या अशाच पाण्याने फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या विहिरींची काय गत झाली हे ठाऊक असूनही लोक तो पुढे ढकलतात, म्हणून हे लिहितोय.

"पाणी नितळ झालं." झालं असेल. पण अमोनिया, क्लोराइड, विरघळलेलं शिसं यांना रंगच नसतो. गाळलेल्या पाण्यात थोडा चुना टाकून ढवळा. नाकाला झोंबलं, तर अमोनिया जागच्या जागी आहे. २०१६च्या घनकचरा नियमांप्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या लीचेटमध्ये लिटरमागे अमोनिया-नायट्रोजन ५०, सीओडी (पाण्यातली घाण मोजायचं माप: ती ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन) २५० आणि क्लोराइड १००० मिलिग्रॅमच्या आत लागायचं. क्लोराइडला तर वाळू, कोळसा अडवतच नाहीत. असं खारं पाणी वर्षानुवर्षं पाजलं तर जमीन क्षारपड होणार.

"कोळसा जवळजवळ फुकट." हिशेब मांडू. एक ग्रॅम कोळसा ५० मिलिग्रॅम सीओडी धरतो असं समजू. लीचेटचा सीओडी लिटरला ५००० मिलिग्रॅम असेल, तर प्रत्येक लिटरला १०० ग्रॅम कोळसा लागला. रोजचं लाखभर लिटर लीचेट म्हणजे रोज १० टन कोळसा! पावसाळ्यात तर लीचेट आणखी वाढतं. व्हिडिओत दिसतो तो पहिला ग्लास; कोळसा भरून गेल्यावरचं पाणी कुणी दाखवत नाही. आणि घरी जाळलेला कोळसा म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन नव्हे. त्यासाठी ८००-९०० अंशांवर वाफ द्यावी लागते, तेव्हा कुठे आतली बारीक छिद्रं उघडतात. शिवाय जडधातू धरून बसलेला वापरलेला कोळसा टाकणार कुठे? परत डेपोवरच?

स्वस्त साहित्याला माझा विरोध नाही, उलट ते वापरावंच. काथ्या, विटांचे तुकडे यांवर जिवाणूंचा थर वाढतो आणि हवा मिळाली की ते अमोनियाचं नायट्रेट करतात. जांभ्यातली लोहाची ऑक्साइडं आर्सेनिक, फॉस्फेट धरतात. पण ही सगळी मोठ्या प्रक्रियेतली एकेक पायरी आहे.

ड्रमवाल्यांनी तोच ड्रम महिनाभर चालवून आधीच्या आणि नंतरच्या पाण्याचे प्रयोगशाळेतले आकडे द्यावेत: अमोनिया, सीओडी, क्लोराइड, शिसं. तोवर कुणीही हे पाणी शेतात सोडू नये.