वीजकंपनी बदलायची आहे? आधी घर बदला

विलायतेतला तुमचा भाचा फोनवर सांगत असेल, ‘मामा, मी वीजकंपनी बदलली, बरेच पौंड वाचले.’ खरं आहे त्याचं. तिकडे 1999 पासून घरगुती ग्राहकाला कंपनी निवडता येते. मीटर तोच, तार तीच, खांबही तोच. बिल पाठवणाऱ्याचं नाव तेवढं बदलतं. 2021 मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा यातल्या डझनावारी कंपन्या बुडाल्या आणि त्यांचे ग्राहक भलत्याच कंपन्यांच्या गळ्यात पडले, हे भाचा सांगणार नाही. असो. खूळ तुमच्या डोक्यात शिरलंय, तर बेळगावात बसून ते पार कसं पाडायचं ते ऐका.

मनाची तयारी लागते, ती आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे. 1956 पासून आपण अख्खं राज्य बदलून मागतोय. 1967 ला सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तारखा चालूच आहेत. एवढा सराव असलेल्या माणसाला वीजकंपनी बदलायचा अर्ज म्हणजे काय हो, चहा येईपर्यंत लिहून होईल.

अर्ज द्यायचा कुठे? हेस्कॉममध्ये. बिलावरचा आरआर नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक लिहा, खाली लिहा, ‘मला दुसरी कंपनी हवी.’ खिडकीपलीकडचा माणूस विचारेल, ‘कुठली?’ इथे मात्र गप्प बसावं लागेल. हुबळीची ही कंपनी 2002 पासून बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट, गदग, हावेरी आणि कारवार अशा सात जिल्ह्यांना वीज पुरवते, आणि तुमच्या गल्लीत तीच एक आहे. घरातली म्हातारी माणसं तिला अजून ‘केईबी’, म्हणजे जुनं कर्नाटक वीज मंडळ, म्हणतात. त्यांना हसू नका, खांब केईबीचेच आहेत.

कायद्यावर बोट ठेवायचं असेल तर ठेवा. 2003 च्या वीज कायद्यात खुला प्रवेश आहे, म्हणजे तार यांची आणि वीज हवी त्याची. अट एवढीच की मागणी एक मेगावॅटच्या, म्हणजे हजार किलोवॅटच्या, वर पाहिजे. तुमच्या घराचा मंजूर भार दोन-तीन किलोवॅट. अख्खी गल्ली गोळा करून गणपतीची लायटिंग त्यात धरली तरी भागायचं नाही. सौर-पवन वीज घ्यायची असेल तर 2022 च्या नियमांनी ही अट शंभर किलोवॅटवर आणली आहे, तेव्हा फक्त तीस-चाळीस शेजाऱ्यांशी तुमचे संबंध चांगले हवेत. आणि तेही एकाच ग्राहकाच्या नावावर यायला तयार हवेत. घराघरांत स्पर्धा आणणारं विधेयक 2022 च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि लगेच समितीकडे गेलं. पुढचं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तरीही हट्ट असेल, तर याच जिल्ह्यात एक वाट आहे. हुक्केरी. 1969 च्या सुमारास देशात प्रयोग म्हणून पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था काढल्या, त्यातली एक हुक्केरी तालुक्याची. महाराष्ट्रातली मुळा-प्रवरा त्याच पाचांतली. 2011 ला तिचा परवाना गेला आणि तिथे महावितरण आली. हुक्केरीची अजून उभी आहे. तेव्हा बेळगावातलं घर विका आणि सामान टेम्पोत घाला. झाली कंपनी बदलून! शिवाय सभासद झालात तर संचालकांच्या निवडणुकीत मत. ती निवडणूक काय चीज असते ते तिकडच्या पाहुण्यांना विचारा. आमदारकी तिच्यापुढे थंड वाटेल. लाईट गेली तर लाईनमनला फोन करायचा की संचालकाला, असा श्रीमंती प्रश्न तुम्हाला पडू शकेल. दर मात्र बेंगळुरूचा तोच वीज नियामक आयोग ठरवणार, त्यामुळे बचतीचं विचारू नका. तुम्हाला कंपनी बदलायची होती ना?

पण टेम्पो ठरवण्याआधी कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेचं बघा, खरी मेख तिथेच आहे. जुलै 2023 पासून दोनशे युनिटांपर्यंत वीज फुकट. फुकट म्हणजे सरसकट नव्हे: तुमच्या मीटरची 2022-23 ची सरासरी, त्यावर दहा टक्के, फारच कमी वापर असेल तर दहा युनिट. त्या वर्षी ज्यांनी काटकसर केली, खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद केला, त्यांना त्या पापाचं फळ कायमचं मिळालं. आणि ज्यांनी गीझर चालू ठेवून देवदर्शन केलं ते आज सुखात आहेत. नव्या जोडणीला सरासरी धरतात 53 युनिटांची, म्हणजे सूट 58 पर्यंत. म्हणून घर बघायला जाल तेव्हा पाणी, पार्किंग, वास्तू यांच्या भानगडीत पडू नका. एकच विचारा: ‘त्या वर्षी इथे कोण राहत होतं, आणि त्यांच्याकडे एसी होता का?’ उधळ्या भाडेकरूचं घर मिळालं तर डिपॉझिट जास्त द्या, वसूल होईल.

दोनशेच्या पुढे गेलात तर मात्र सगळ्याच युनिटांचं बिल. त्यामुळे रीडिंगच्या आधीच्या आठवड्यात पाहुण्यांना बोलावू नये, विशेषतः पुण्याच्या. त्यांना दिवसातून दोनदा गरम पाणी लागतं. छतावर सोलर घालायचा विचार असेल तर तीन किलोवॅटला केंद्राचं 78 हजारांचं अनुदान आहे. शून्य रुपयांच्या बिलातून वाचवणार काय, तेवढं आधी ठरवा.

बदलायची हौस फारच असेल तर गॅसवर भागवा. तिथे 2014 पासून एजन्सीच काय, कंपनीही बदलता येते. सिलिंडर-रेग्युलेटर जुन्याकडे जमा करा आणि नव्याकडून घ्या. त्यातही 14.2 किलोच गॅस, भावही तोच, आणि जिन्यावरून टाकी वर आणणाऱ्याचे वरचे पैसे तेही तेच.

राहिली शेवटची वाट, शिनोळी. हद्द ओलांडली की चंदगड तालुका, महाराष्ट्र, महावितरण. जे काम तीन पिढ्यांना मोर्चे काढून जमलं नाही ते तुम्ही भाडेकरारावर कराल. तुमच्या घरापुरता सीमाप्रश्न निकालात. तिथे बिलात टप्पे असतात. शंभर युनिटांपर्यंत एक दर आणि 101 पासून तीनशेपर्यंत जवळपास दुप्पट. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क वेगळं. हे सगळं स्वच्छ मराठीत छापून येतं. शून्य बिलाची सवय लागलेल्या वहिनींना ते तुम्हीच वाचून दाखवा. मला मध्ये घेऊ नका.