दोन्हीकडे लाल लाव, काय फरक पडतो?

गेली अठरा वर्षं मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मच्छिमार बोटींचं वायरिंग करतोय. जुलैचे शेवटचे पंधरा दिवस आम्हाला जेवायला फुरसत नसते. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायच्या आत सगळ्यांना सगळं हवं असतं. अशाच गडबडीत एका नाखव्यांनी, म्हणजे बोटीच्या मालकांनी, मला सांगितलं, "हिरवा दिवा मिळत नाहीये ना, मग दोन्हीकडे लाल लाव. पेटल्याशी कारण. काय फरक पडतो?"

मी पक्कड खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघतच राहिलो. चाळीस वर्षं दर्यात काढलेला माणूस!

बोटीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा, हे सगळ्यांना पाठ असतं. कशासाठी, ते फार थोडे सांगतात. रात्री जहाजवाल्याला तुमची बोट दिसतच नाही, दिसतात ते ठिपके. लाल ठिपका दिसला की तो समजतो, ही बोट माझ्या डावीकडे निघालीय. मग तुमच्या मागून जावं म्हणून तो आपलं जहाज उजवीकडे वळवतो. आता तुमच्या उजव्या अंगालाही लालच असेल, तर तुम्ही खरे निघालेले असता त्याच्या उजवीकडे. म्हणजे तो नियम पाळून, तुम्हाला वाचवायला म्हणून, सरळ तुमच्या अंगावर येतो.

नाखवा गप्प झाले. मग म्हणाले, "जहाजवाले बघतात कुठे रे?"

यात खोटं काहीच नाही. ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतला, माणूस स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेला असू शकतो. आपल्या लाकडी आणि फायबरच्या बोटी रडारवर नीट उमटतही नाहीत. वर मोठ्या जहाजाच्या नाळेपुढचं, म्हणजे पुढच्या टोकासमोरचं, 500 मीटरपर्यंतचं पाणी ब्रिजवरून दिसलं नाही तरी ते आंतरराष्ट्रीय नियमात बसतं. पण म्हणूनच तर तुम्ही त्याला लांबून दिसायला हवं! बारा मीटरवरच्या बोटीचे बाजूचे दिवे दोन सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत. पंधरा नॉटने, म्हणजे तासाला पंधरा सागरी मैलांनी, येणारं जहाज एक मैल चार मिनिटांत कापतं, म्हणजे त्याच्या हातात आठ मिनिटं. बाजारातला स्वस्त दिवा अर्ध्या मैलावरून दिसला तर उरतात दोन. दोन मिनिटांत जहाज वळतही नाही, थांबणं तर सोडाच.

एप्रिल 2021 मध्ये मंगळूरूच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून चाळीसेक सागरी मैलांवर, मच्छिमार बोट आणि मालवाहू जहाजाची टक्कर झाली. वेळ मध्यरात्रीनंतरची. बोटीवर चौदा जण होते, जिवंत सापडले दोन.

स्वस्त दिव्यांची गंमत सांगतो. लाल काचेच्या जुन्या दिव्यात लोक पांढरा एलईडी बल्ब घालतात. त्या पांढऱ्या उजेडात लाल रंग मुळातच थोडा असतो, त्यामुळे काचेतून बाहेर येतो तो मेलेला, गुलाबीसर उजेड. हिरव्या काचेतून निळसर. आणि काही एलईडी लावले की वायरलेसवर खरखर सुरू होते. स्वतः करून बघा: वायरलेसची खरखर बटण फिरवून जेमतेम बंद करा, मग दिवा लावा. खरखर परत आली तर तो दिवा काढून टाका, कारण अडचणीच्या वेळी सोळा नंबरच्या मदतीच्या चॅनेलवर तुम्हाला कोणाचं काही ऐकू येणार नाही.

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती झगमगाटाची. हल्ली केबिनभोवती रंगीत पट्ट्या लावतात, लाल-हिरव्या-निळ्या, पळणाऱ्या. त्यात डेकवर मासळी निवडायला पांढरे फोकस. लांबून बघणाऱ्याला बोट नाही, वरात दिसते. खरे दिवे त्यात बुडून जातात. 1972 च्या टक्कर टाळण्याच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय की ओळखीच्या दिव्यांशी गल्लत होईल असा दुसरा दिवा सूर्यास्तानंतर दाखवायचा नाही. शिवाय त्या फोकसमध्ये काम करून आलेल्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, पुढची काही मिनिटं बाहेरचा काळोख भिंतीसारखा दिसतो. पहाऱ्याला बसवलेला असतो नेपाळहून पहिल्यांदाच आलेला पोरगा. त्याला लाल-हिरव्याचा अर्थ कोणी सांगितलाय?

आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही, कोणाला झोंबली तर झोंबू दे. एलईडीच्या उजेडाने मासा गोळा करायला 2017 पासून बंदी आहे. तरी जनरेटरवर हजारो वॅटचे दिवे पाण्यावर सोडणारे आहेतच. त्यांच्यातल्याच एकाने माझ्याशी नाळेवरच्या दिव्याच्या दोन वायरींसाठी घासाघीस केली होती. माशाला दिसायला जनरेटर, जहाजाला दिसायला टेप गुंडाळलेला सांधा. खाऱ्या हवेने त्या सांध्यातल्या तांब्याची महिन्याभरात हिरवी पूड होते. मी उघडतो तेव्हा ती बोटाला लागते. सांधा सोल्डर करून वर बंद नळी चढवायला अर्धा तास जास्त जातो, एवढंच. एका खेपेच्या बर्फाच्या पैशात हे सगळं काम नीट होतं.

आता कोणी म्हणेल, ट्रान्सपाँडर आलेत ना. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला त्या योजनेची सुरुवात झाली, देशभरातल्या एक लाख बोटींसाठी. चांगलीच गोष्ट आहे, उपग्रहावरून निरोप जातो, वादळाचा इशारा येतो. पण समोरून येणाऱ्या जहाजाच्या खिडकीतून तो डबा दिसत नाही.

नाखव्यांच्या बोटीचं काय झालं? हिरवा दिवा दोन दिवसांनी मुंबईहून एसटीने आला. रंगीत पट्टी काढू द्यायला ते तयार होईनात, नातवाने नारळी पौर्णिमेसाठी हौसेने लावली होती. शेवटी तिला वेगळं बटण दिलं आणि वर मार्करने लिहिलं, "फक्त बंदरात." नाखव्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाले, "मोठ्या अक्षरात लिही. तांडेलाला जवळचं दिसत नाही."