दोन थेंबांची बडदास्त

मे महिन्यात जळगावला कोणी यायचं म्हटलं की आम्ही प्रेमानं सुचवतो, "हिवाळ्यात ये ना, भरीत खायला." पण अनुदानाचे पैसे 31 मार्चच्या आत खर्ची घालावे लागतात. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेची बरीचशी खरेदी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उरकते आणि माल येतो तो ऐन वैशाखवणव्यात. यंदाचा पाहुणा होता हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूच्या अंगावरचं ‘ग्लायकोप्रोटीन डी’ हे साखर जोडलेलं प्रथिन ओळखणारं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. माप 100 मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब. किंमत ऐकून बाबांनी तेवढ्यात केळीची किती रोपं आली असती याचा तोंडी हिशोब करून दाखवला. तो बरोबर होता, हे जास्त लागलं.

या विषाणूच्या वेष्टणावर डझनभर ग्लायकोप्रोटीनं असतात. पेशीत शिरायची वेळ आली की ‘डी’ पुढे होतं आणि पेशीवरच्या नेक्टिन-1 सारख्या प्रथिनाला चिकटतं. आमचं प्रतिपिंड ओळखतं ते फक्त त्यालाच. शेजारच्या ‘बी’, ‘सी’, ‘एच’कडे ढुंकूनही बघत नाही. खानदेशात हा स्वभाव अवघडच! इथे एसटीत बाजूला बसलेल्याचं गाव आणि आडनाव विचारलं की पारोळा यायच्या आत त्याची आत्या आपल्याच भाऊबंदांत दिलेली निघते.

तर पार्सल. खोक्यावर ठळक लिहिलेलं, ‘2 ते 8 अंश सेल्सिअस’. बाहेर पारा पंचेचाळिशीच्या आसपास. मोबाइलवर दिवसभर ‘डिलिव्हरीसाठी निघाले आहे’. भर दुपारी कुरिअरवाल्याचा फोन, "ताई, गेटवर कोणीच नाही, रसवंतीवर ठेवून जाऊ का?" मी ओढणी डोक्यावर घेऊन धावले. थर्मोकोलचा भलामोठा डबा तिथेच उघडला, कारण रसवंतीवरच्या सगळ्यांचा तसा आग्रह होता. आतल्या बर्फाच्या पिशव्यांचं कोमट पाणी झालेलं. कागदाच्या बोळ्यांचा थरावर थर. सगळ्यात खाली करंगळीच्या पेरापेक्षाही लहान कुपी. कुरिअरवाला पोरगा अमळनेरकडचा असावा. तो कळवळून म्हणाला, "फसाडं वो ताई तुमले!"

प्रतिपिंडं तशी चिवट असतात, एवढ्या तेवढ्यानं मान टाकत नाहीत. पण वारंवार गोठवणं-वितळवणं त्यांना सोसत नाही. म्हणून आल्या आल्या थोडं थोडं वेगळ्या नळ्यांत भरून उणे 20 च्या फ्रीजरमध्ये ठेवायचं. त्यानंतर लाइट गेली. लाइट गेली की फ्रीजर उघडायचा नाही हा नियम, आणि आतलं गार आहे ना हे उघडून बघायचा मोह सगळ्यांनाच. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आमच्या शिपाईकाकांनी तेवढ्यात विचारून घेतलं, "मॅडम, आमरसाचा एक डबा बसेल का कोपऱ्यात?"

प्रयोगाचं वर्णन मी आजीपुढे केलं, ते मात्र करायला नको होतं असं अजिबात वाटत नाही, इतकी ती रंगली. विषाणू वाढवायचा तो माकडाच्या मूत्रपिंडापासून 1962 साली जपानमध्ये तयार केलेल्या पेशींत. त्याला ओळखणारं प्रतिपिंड उंदराचं. उंदराची पेशी आणि कर्कपेशी यांची मोट बांधून असं एकसारखं प्रतिपिंड हवं तेवढं मिळवायची युक्ती कोहलर आणि मिलस्टीन यांनी 1975 साली काढली. 1984 साली त्यांना नोबेल मिळालं. (त्यांनी पेटंट घेतलं नव्हतं. तरी कुपी या किमतीला!) मग उंदराच्या प्रतिपिंडाला धरायला शेळीचं प्रतिपिंड. त्याला जोडलेलं विकर (एन्झाइम) मुळ्याच्या कुळातल्या एका कंदाचं. आणि भलत्याच जागी काही चिकटू नये म्हणून आधी सगळ्यावर दुधाच्या भुकटीचं पाणी. आजी म्हणाली, "एवढी जनावरं तर वरणगावच्या बाजारातही एकदम येत नाहीत." या सगळ्यातून शेवटी निघालेल्या एक्स-रेसारख्या चित्रात ‘डी’ची एकच काळी रेघ उमटली, विषाणू न घातलेल्या पेशींच्या रांगेत काहीही नाही. सर खूश झाले. सर खूश झाले की "हं" म्हणतात.

खरी परीक्षा शेजारच्या काकूंची. हर्पीस म्हणताच, हा लैंगिक संबंधातूनच लागणारा रोग असं समजून, त्यांनी आवाज खाली आणला, "बायोडाटात हे लिहू नको गं, बाई." मी सांगितलं, आमचा विषाणू हर्पीसचा पहिला प्रकार, तो बहुतेकांना लहानपणी लाळेतूनच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पन्नाशीच्या आतल्या जगात जवळपास दोन तृतीयांश लोकांत तो आहे. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत जन्मभर दडून बसतो आणि कडक उन्हानंही जागा होतो. काकू नुकत्याच यावलहून हळदीच्या मांडवातून आल्या होत्या. त्यांचा हात आपोआप ओठावरच्या फोडाकडे गेला.

"मग ते तुझे दोन थेंब लाव की इथे."

"ते औषध नाही, काकू. कुपीवरच लिहिलंय, फक्त संशोधनासाठी. ते नुसतं ओळखतं."

"नुसतं ओळखतं? करत काहीच नाही?"

"नाही."

"मग आमचे हे काय वाईट? पारावर बसून अख्खं जळगाव ओळखतात, करत काही नाहीत, आणि फ्रीजरमध्येही ठेवावं लागत नाही."